पुरुषाचा पलंग

"बाबा, ओळखपत्र घेतलंस? आणि आरोग्यकार्ड?" लोरेलानं दारातूनच विचारलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. नाडीची दोन्ही टोकं हातात तशीच राहिली. ओळखपत्राचं कळण्यासारखं होतं. म्हाताऱ्यांना तिकिटात सवलत असते. पण अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या कबरी बघायला जाताना आरोग्यकार्ड कशाला लागतं? मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं जिन्यात वाटलं, मग गाडीत बसताना वाटलं, आणि गाडी सुरू झाल्यावर आता फार उशीर झाला असं वाटलं. माझं असंच होत आलं आहे. एका प्रकाशकाकडे मी आयुष्यभर प्रुफं तपासली. प्रुफं तपासणाऱ्यानं लेखकाशी बोलायचं नसतं. काही खटकलं तर समासात एक बारीक प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. लेखकाला वाटलं तर तो बघेल. त्या सकाळी मी असंच एक प्रश्नचिन्ह काढलं, कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसलो.

समुद्राच्या बाजूचा जुना रस्ता तिनं घेतला होता. नोव्हेंबरचं ऊन पातळ होतं. पाइनची छत्रीसारखी झाडं, बंद पडलेली उन्हाळी दुकानं, मधूनच एखाद्या भिंतीपलीकडे पानं झडलेलं, पण पिकल्या केशरी फळांनी लगडलेलं पर्सिमनचं झाड. "हीटर लावू?" लोरेलानं विचारलं. "नको." "मग संध्याकाळी मान आखडली म्हणून कुरकुर करायची नाही." "नाही करणार." "आई असती तर न विचारता लावला असता." मी म्हणालो, "आई असती तर तिनं तुला गाडीच चालवू दिली नसती." ती हसली. स्टिअरिंगवर तिची मनगटं होती. ती तिच्या आईची, आर्जियाची मनगटं आहेत. हाड तसंच बाहेर आलेलं, आणि घाई असली की बोटं तशीच ताठ होतात. त्या दिवशी ती ताठ होती. पुढच्या आठवड्यात तिला तोरिनोला जायचं होतं. तिचं ऑफिसच तिकडे हलत होतं. गेली नसती तर नोकरी गेली असती, आणि या वयात तिला दुसरी कोण देणार? हे सगळं ती मला पुन्हा पुन्हा सांगत आली होती, जणू मी विरोध करत होतो. मी कधीच विरोध केला नव्हता. कदाचित त्यानंच तिला जास्त त्रास होत असेल.

सहलीची कल्पना तिची. "एत्रुस्कन कबरी बघू, मग वर डोंगरातल्या एखाद्या जुन्या गावात जेवू. तुला आणि आईला किती आवडायचं!" आवडायचं मला. आर्जिया कबरीच्या बाहेर गवतावर बसायची आणि विणत राहायची. "मेलेल्यांच्या घरात जाऊन मी काय बघू, एल्वियो? मला माझंच घर झाडून होत नाही," असं म्हणायची. मी आत अंधारात भिंतीला हात लावून उभा राहायचो, बाहेरून तिच्या सुयांचा आवाज यायचा, आणि मला फार सुरक्षित वाटायचं. तेव्हा हे कळत नव्हतं. मला वाटायचं, मी इतिहास बघतो आहे.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर मी बरा राहत होतो, असं मला तरी वाटतं. जेवत होतो, कपडे धूत होतो, खालच्या दुकानातून पाव आणत होतो. मग ती सकाळ झाली. त्या सकाळबद्दल मी कुणाशी बोललो नाही, कारण तिची दोन वर्णनं होऊ शकतात आणि दोन्ही माझ्या विरुद्ध जातात. आमच्या घरी कॉफीची एक पद्धत होती, अनेक घरांत असते. आर्जिया रात्री झोपण्यापूर्वी मोका, म्हणजे कॉफीची किटली, भरून ठेवायची: खालच्या भांड्यात पाणी, मधल्या चाळणीत कॉफीची पूड, वरचं भांडं घट्ट पिळून बसवायचं, आणि मोका शेगडीवर तयार. सकाळी मी आधी उठायचो. मी फक्त काडी ओढायची, गॅस पेटवायचा आणि टेबलाशी पुस्तक घेऊन बसायचं. कॉफी वर चढताना मोका खुडबुडायला लागला की ती उठून यायची. म्हणजे कॉफी तिनं केलेली असायची आणि वाटायचं मी केली. आमचं लग्न बहुधा याच एका गोष्टीवर उभं होतं. ती गेल्यावर मी स्वतः मोका भरायला शिकलो. नीट भरत होतो. पण त्या पहाटे मला वाटलं, स्वयंपाकघरात भांडं पिळल्याचा आवाज आला. कर्र. रबराच्या वायसरवर धातू फिरतो तो आवाज. स्वप्न असेल. मी उठलो, काडी ओढली, गॅस पेटवला आणि पुस्तक घेऊन बसलो. मोका भरलेला आहे की नाही हे बघायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नाही. आयुष्यभर जे बघावं लागलं नव्हतं ते त्या दिवशी का बघावं? मी खुडबूड ऐकू यायची वाट बघत वाचत राहिलो. ती आली नाही. रिकामं भांडं तापत गेलं, वायसर जळलं, मूठ वितळून शेगडीवर ओघळली, तिनं पेट घेतला, आणि शेजारी लटकणारा पडदाही. मला वास आला होता. पण मी खुडबुडीची वाट बघत होतो.

अग्निशामक दलाची माणसं खालच्या मजल्यावरच्या ओत्ताविया बाईंनी बोलावली. जिन्यात सगळी बिल्डिंग जमली होती. "आज पडदा जळला, उद्या आम्ही जळू!" असं त्या माझ्याकडे न बघता लोरेलाला म्हणाल्या. लोरेलानं त्याच दिवशी गॅस बंद करवला आणि एक विजेची शेगडी आणून ठेवली. "काय झालं होतं, बाबा? पाणी घालायला विसरलास?" मी खांदे उडवले. विसरलो म्हटलं तर म्हातारचळ. आई भरून ठेवेल असं वाटलं म्हटलं तर त्याहून वाईट. काडेपेटी मात्र माझ्या कोटाच्या खिशात राहून गेली. ती मी काढली नाही.

चेर्वेतेरीच्या कबरींपाशी पेन्शनरांची एक बस आलेली होती. आम्ही त्यांच्या मागोमाग चालू लागलो. गवत चढलेले गोल उंचवटे, मधून दगडात रथाच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. मेलेल्यांचं शहर, त्याला रस्ते आणि चौक. एका कबरीत उतरलो. तुफा दगडाला पाझर फुटला होता, ओल्या तळघराचा वास येत होता. छताला दगडातच कोरलेले वासे, दगडातच कोरलेल्या खुर्च्या, पाय ठेवायला दगडी पाट. दोन्ही बाजूंना पलंग. पेन्शनरांबरोबर आलेली वाटाडी बाई सांगत होती, "हा बघा, याला पाय कोरलेले आहेत. म्हणजे पुरुषाचा. आणि समोरचा, ज्याच्या दोन्ही टोकांना छपराचा त्रिकोण आहे, तो बाईचा. पुरुषाला पलंग द्यायचे आणि बाईला घर." एक जाडगेली आजी लगेच आपल्या नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "ऐकलंस? मेल्यावरसुद्धा घर आमच्याच गळ्यात, आणि तुम्ही आपले लोळताय!" "लोळायला तरी कुठे देतेस?" नवरा म्हणाला. सगळे हसले. अंधारात ते हसू घुमलं आणि कुठेतरी आत जाऊन थांबलं.

ते गेल्यावरही मी तिथेच राहिलो. पुरुषाच्या पलंगावर दगडाचीच उशी होती आणि उशीत डोक्यासाठी कोरलेला खळगा. डोकं केव्हाच नाहीसं झालं होतं, पण खळगा त्याला ओळखत असल्यासारखा होता. मला एक साधी गोष्ट सुचली आणि ती सुचल्यावर फार थकवा आला. माझं घर आर्जियाबरोबर गेलं होतं. मी ज्यात राहत होतो तो चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, भिंती होत्या, पुस्तकं होती. पण घर त्या दुसऱ्या बाजूच्या दगडात होतं, आणि मला फक्त पाय असलेला पलंग उरला होता. बाहेर सुयांचा आवाज नव्हता. "बाबा, ये ना वर. ओल आहे तिथे," लोरेलानं वरून हाक मारली. पायऱ्या चढताना तिनं हात पुढे केला आणि मी तो धरला. मला त्याची गरज नव्हती. किंवा असेल.

गाडीपाशी तिनं पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली. तिनं चटकन बंद केली, पण मी बाजूलाच उभा होतो. चौकडीच्या घोंगडीखालून माझ्या तपकिरी बॅगेचा कोपरा दिसत होता. कुलूप मोडल्यापासून आर्जिया तिला निळ्या पट्ट्यानं बांधायची. पट्टा बांधलेला होता, पण गाठ वेगळी होती. लोरेलानं बॅग केव्हा भरली? काल मी न्हाव्याकडे गेलो होतो तेव्हा असेल. मग मला समजलं की मी फार वेळापासून समजून होतो. आरोग्यकार्डानंतर समासात लिहायला काही उरलंच नव्हतं. तिनं मला बाटली दिली. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "गार आहे. छान." मी अजून काही बोलेन अशा आशेनं तिनं माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं झाकण लावत राहिलो. ते नीट बसेना.

पुढे रस्ता समुद्र सोडून आत वळला. ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या पसरल्या होत्या, माणसं शिड्यांवर चढून फांद्या विंचरत होती. वळणावळणानं टेकडी वर आली, आणि तिच्या माथ्यावर, कड्याच्या अगदी काठाशी, रोक्का सोर्दिना: एक घंटाघर, एक वेस, कड्याला चिकटलेली करडी घरं. एका बाजूचा कडा ढासळतो आहे, दर थोड्या वर्षांनी एखादं अंगण खाली जातं. तरी लोक तिथेच राहतात, कुंड्या मागे सरकवतात. वेशीपाशी गाडी ठेवून आम्ही चौकातल्या खानावळीत जेवलो. मालक मला म्हणाला, "काय, रोमवाले? शहरात हवा संपली वाटतं?" लोरेला मोठ्यानं हसली. भाजीच्या पातळ सारात भिजवलेला शिळा पाव आणि वर अंडं. आर्जिया हेच करायची, तिची आई याच बाजूची. मी सगळं खाल्लं. एवढी भूक लागली याची मला लाज वाटली.

जेवण झाल्यावर लोरेला मालकाला म्हणाली, "तीन कॉफी." तो निघाला. मग ती दचकली. "नाही, नाही. दोन. दोनच." तिनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले, पुन्हा विखुरले. मी दुसरीकडे बघितलं. म्हणजे, मी काही बघितलं नाही असं तिला दिसू दिलं. पण माझ्या छातीत काहीतरी एकदम जागं झालं. तिच्याही हातून तेच झालं होतं. अगदी तेच: हात सवयीनं पुढे गेला आणि पलीकडे कुणी नव्हतं. म्हणजे तिला सांगता येईल. जगात या एका माणसाला ते सांगता येईल, आणि तिला ते म्हातारचळ वाटणार नाही. कॉफी आली. ती साखर ढवळत होती. मी वाक्य जुळवू लागलो. 'लोरेला, त्या सकाळी मी विसरलो नव्हतो.' एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल. ती रडेल. आम्ही डिकीतल्या बॅगेसह परत जाऊ. परत जाऊ, आणि ती तोरिनोला जाणार नाही. हे शेवटचं मागाहून सुचलं, आणि मग मी ते वाक्य मनातच खोडलं. कॉफी कडू होती. मी साखर घालायला विसरलो होतो.

"इथे जवळच एक जागा आहे, बाबा," ती खाली बघत म्हणाली. "नुसती बघू. हिवाळ्यापुरतं. उन्हाळ्यात मी घर शोधीन तिकडे, दोन खोल्यांचं, मग तू…" "बघू या," मी म्हणालो. "ओरडत नाहीस माझ्यावर?" "ओरडायचं कशासाठी?" "मला माहीत नाही. ओरड ना. एकदा तरी ओरड!" तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तो कुठे ठेवायचा हे न समजल्यासारखा लगेच उचलला.

ती जागा म्हणजे गावाच्या टोकाचा जुना मठ होता. आता तिथे म्हातारे राहतात. लांब ओवरी, फिनेलचा वास, उकडलेल्या बटाट्याचा वास. व्यवस्था बघणाऱ्या पाल्मीरा बाई हात पुसत बाहेर आल्या. "या, या, आजोबा! केव्हाची वाट बघतोय! कार्ड आणलंय ना?" मी कुणाचाच आजोबा नाही. लोरेलाला मूल झालं नाही. तिनं ओठ दाबून घेतले. मी कार्ड काढून दिलं. खोली वरच्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक कपाट, खिडकीतून दरी. एका पलंगावर बनियन घातलेला एक लाल चेहऱ्याचा म्हातारा रेडिओ कानाशी धरून बसला होता. "हे क्विंतो," पाल्मीरा बाई म्हणाल्या, "ट्राम चालवायचे रोमला. बडबड करतात, पण चावत नाहीत." "दातच काढून घेतलेत यांनी, चावू कशानं?" क्विंतो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू खिडकीजवळचा घे. अमेरिगोचा होता. त्याला उजेड लागायचा. आता नाही लागत." पाल्मीरा बाई त्याला दटावत निघून गेल्या. मी खिडकीजवळच्या पलंगाकडे बघितलं. लोखंडी होता. त्याला पाय होते, पायांना रबराच्या टोप्या. चादर नवी होती, पण उशीत मधोमध एक खळगा होता, जो थोपटूनही गेला नव्हता.

लोरेला खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. खाली कडा होता. एका घराचं अर्धं अंगण हवेत लटकत होतं आणि तिथे कुणीतरी कपडे वाळत घातले होते. क्विंतोनं रेडिओ मोठा केला. मला वाटतं, ती त्याची सभ्यता होती. "बाबा," ती म्हणाली, "मला एकदा सांग. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? कारण जर ते… जर तू नुसता वाचत बसला असशील, किंवा दुसरं काही, तर मी… मी तुला इथे सोडून जाऊच शकत नाही. मी अजून ऑफिसला पक्कं काही कळवलेलं नाही. नाही म्हणता येतं अजून." ती वळली. आर्जियाच्या चेहऱ्यानं तिनं माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. आयुष्यभर मी समासात प्रश्नचिन्हं काढली. पहिल्यांदाच लेखकानं मान वर करून विचारलं होतं, इथे काय पाहिजे ते सांगा. आणि मला ते माहीत होतं. अचूक माहीत होतं. भांडं पिळल्याचा कर्र आवाज मला त्या क्षणीही ऐकू आला.

"विसरलो," मी म्हणालो. "पाणी घालायला विसरलो. हल्ली विसरतो मी, लोरेला. तुला सांगत नाही, पण बरंच विसरतो."

तिचा चेहरा आधी कोसळला आणि मग, त्या कोसळण्याखालून, सैल झाला. मला तो सैलपणा बघवला नाही, पण मी बघितला. त्याच्यासाठीच तर बोललो होतो. ती माझ्या गळ्यात पडून रडली. केसांना शहरातल्या शांपूचा वास होता, आर्जियाचा नव्हता. मी तिची पाठ थोपटत राहिलो आणि विचार करत राहिलो, की छापून गेलेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं. पुढची आवृत्ती नाही.

तिनं बॅग आणून पलंगाशी ठेवली, औषधं कपाटात लावली, पाल्मीरा बाईंशी खाली बराच वेळ बोलली. खिडकीतून मला ती वेशीकडे जाताना दिसली. मध्येच थांबली, वर बघितलं, कुठली खिडकी ते तिला सापडलं नाही. मी हात हलवला. मग ती वळणाआड गेली. ऊन दरीच्या पलीकडच्या बाजूला चढत गेलं आणि विझलं. घंटाघरानं टोले दिले, आणि क्विंतो म्हणाला, "जेवणाची घंटा. ऐकून घे, इथली वाइन म्हणजे पाणी. पण कॉफी बरी असते. सकाळी तयारच येते हातात. आपण काही करायचं नाही, नुसतं प्यायचं."

"काडी कोण ओढतं?" मी विचारलं.

"काय?"

"गॅस. सकाळी कोण पेटवतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्यानं हसला आणि रेडिओ बंद केला. "अरे राजा, काडी इथे कुणाकडे असते? पहिल्याच दिवशी खिसे तपासतात. माझा लायटरसुद्धा नेला पाल्मीरानं, वीस वर्षं जुना. तुझ्याकडे असेल तर आत्ताच दे मला, मी लपवतो." त्यानं खरंच हात पुढे केला. जिन्यात पाल्मीरा बाईंची पावलं वाजत होती. मी कोटाच्या खिशात हात घातला. पेटीत काड्या हलल्या, अगदी बारीक, दुसऱ्या खोलीत कुणीतरी विणत असावं तशा. मी मूठ मिटून धरली, आणि काड्यांचा आणि सुयांचा, दोन्ही आवाज बंद झाले.